अर्धं उठण्याची कुळकथा

रेस्टॉरंटात बसलेल्या गृहस्थाला पलीकडून ओळखीच्या बाईंनी मान लववून अभिवादन केलं, तर त्याने काय करावं? एमिली पोस्ट यांच्या १९२२ सालच्या ‘एटिकेट’ या अमेरिकी ग्रंथाचं उत्तर असं: खुर्चीतून किंचित उठल्यासारखं करावं, मान लववावी आणि पुन्हा बसावं.

या अर्ध्या उठण्याचं मूळ रेस्टॉरंटच्या रचनेत आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या खाणावळींत परके लोकही एकाच लांब टेबलाशी, ठरल्या वेळी, पुढ्यात येईल ते जेवत. पुढे आँत्वान बोव्हिलिए यांच्यासारख्यांनी थाटाची रेस्टॉरंटं काढली. तिथे टेबलं वेगळी, पदार्थांची यादी हातात आणि वेळ आपल्या सोयीची. सगळ्यांच्या देखत जेवायचं, पण टेबलापुरता खासगीपणाही राखायचा!

प्रतिष्ठित स्त्रिया मात्र तिथे उशिरा आल्या. न्यूयॉर्कमध्ये १८६८ साली चार्ल्स डिकन्स यांच्या सन्मानार्थ पत्रकारांनी दिलेल्या मेजवानीत स्त्रियांना डावललं गेलं. तेव्हा पत्रकार जेन क्रोली यांनी ‘सोरोसिस’ हा स्त्रियांचा क्लब काढला आणि मेजवानी झालेल्या ‘डेल्मोनिको’ रेस्टॉरंटातच या स्त्रिया पुरुषांच्या सोबतीशिवाय जेवल्या. लंडनमध्ये १८८९ साली ‘सॅव्हॉय’ हॉटेल उघडलं. व्यवस्थापक सेझार रिट्झ आणि शेफ एस्कॉफिए यांच्या काळात तिथे बायकांनी चारचौघांत जेवणं प्रतिष्ठेचं झालं.

मग प्रश्न आला वागण्याचा. दिवाणखान्यात बाई आल्या की पुरुषांनी उभं राहायचं. रस्त्यात ओळख दाखवायची की नाही हे बाईंनी ठरवायचं; त्यांनी मान लववली की पुरुषाने हॅट उचलायची. रेस्टॉरंट ना घर, ना रस्ता. हॅट दाराशी काढून ठेवलेली. प्रत्येक ओळखीपायी ताठ उभं राहावं, तर मांडीवरचा नॅपकिन खाली, मागून ट्रे घेऊन जाणारा वेटर अडलेला आणि सोबतची माणसं ताटकळलेली. त्यातून निघालेली तडजोड म्हणजे हे अर्धं उठणं. त्यात दिवाणखान्याचा मान राहिला आणि रस्त्यावरची लगबगही.

मात्र बाई टेबलाशीच येऊन थांबल्या, तर पुरुषांनी पुरतं उठायचं आणि त्या जाईपर्यंत उभं राहायचं. अशा वेळी गप्पा लांबवणं म्हणजे दुसऱ्याचं सूप गार करणं. त्यामुळे उठण्याची जबाबदारी बसलेल्याची, तसं लवकर निघण्याचं भान आलेल्याचं.

पुढे भिंतीलगतची जखडलेली बाकं आली, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे नियम ठेवणंही खटकू लागलं आणि उठणं मागे पडलं. जेवणाऱ्याला फार वेळ अडवू नये हे भान मात्र आजही तितकंच उपयोगाचं आहे.