क्वेक : एका खेळाचे पाठभेद

संहिता, पाठभेद, प्रक्षेप हे शब्द साहित्याच्या अभ्यासकाला परिचित आहेत. संगणकीय खेळाबाबत मात्र 'ग्राफिक्स सुधारले' एवढे म्हटले की विषय संपला असे मानले जाते. आमच्या मते तो तिथूनच सुरू होतो. 'क्वेक' या खेळाचा इतिहास त्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

टेक्सासमधील इड सॉफ्टवेअरने हा खेळ जून १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा त्रिमितीय चित्रणाचे सारे गणित मुख्य प्रोसेसरलाच करावे लागे. त्यामुळे चित्र बहुधा ३२० बाय २०० बिंदूंचे, रंग अवघे २५६ आणि त्यांतही तपकिरी छटांचे प्राबल्य. भिंतींवरचा छायाप्रकाश आधीच मोजून नकाशात साठवलेला. त्या जगाचा कोंदट काळोख या मर्यादांतूनच घडला होता.

१९९७ च्या आरंभी ग्राफिक्स कार्डासाठी 'जीएलक्वेक' ही आवृत्ती आली. चित्र स्वच्छ व वेगवान झाले. जवळून दिसणारे चौकोनी ठिपके एकमेकांत विरघळले. परंतु त्याबरोबर दगडी भिंतींचा खरखरीतपणाही गेला. मूळ खेळात प्रखर प्रकाशात पृष्ठभाग स्वतःच्या रंगाहून अधिक उजळत. काही रंग अंधारातही झळकत. या दोन्ही गोष्टी नव्या आवृत्तीतून गळाल्या. या सुधारणेने मजकूर गाळला होता.

डिसेंबर १९९९ मध्ये खेळाचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि हौशी प्रोग्रामरांनी अनेक आवृत्त्या सिद्ध केल्या. 'डार्कप्लेसेस'ने हलत्या सावल्या आणल्या, ही जणू नवी टीका. 'फिट्झक्वेक'ने हरवलेला उजेड परत आणला, ही पाठनिश्चिती. येथे एक बाब महत्त्वाची आहे. कोड मुक्त झाला, तरी चित्रे व नकाशे मालकीहक्काखालीच राहिले. त्यामुळे मूळ खेळ चालवायचा तर प्रत्येक नव्या आवृत्तीला जुनीच फाइल वाचावी लागे. भाष्ये वाढली, संहिता अबाधित राहिली.

२०१९ मध्ये एनव्हिडियाने 'क्वेक २' चे नवे रूप आणले. त्यात प्रकाशकिरणांचा मार्ग खेळ चालू असतानाच मोजला जातो. कलावंताने योजलेल्या उजेडाची जागा भौतिकशास्त्राने घेतली. तरी जुने चित्रण निवडण्याची सोय ठेवलेली आहे. याउलट २०२१ मध्ये रॉकस्टारने 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतील तीन खेळ नव्या साजात आणताना मूळ प्रती विक्रीतून काढल्या. टीका झाल्यावर त्या संगणकासाठी पुन्हा देऊ केल्या.

सुधारणेला आमचा विरोध नाही. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी उभी राहते की तिची जागा बळकावते, हा खरा प्रश्न आहे. शेजारी राहिली तर ते संपादन; जागा बळकावली तर वाचकाच्या हाती तुलनेचे साधनच उरत नाही, आणि तुलनेवाचून चिकित्सा संभवत नाही.