अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरची कॅल्शियमची घट

अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, संपूर्ण काढल्यानंतर रक्तातील कॅल्शियम उतरणे हा या शस्त्रक्रियेचा सर्वाधिक आढळणारा उपद्रव होय. ही घट बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तळ गाठते, आणि तोवर रुग्ण पुष्कळदा घरी परतलेला असतो. रियाधच्या अल मलाझसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबात अशा वेळी जोडीदार कामावर आणि वडीलधारी माणसे पुण्या-नागपुरात असतात. म्हणून लक्षणे आधीच ठाऊक असलेली बरी.

अवटूच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. (त्या प्रथम रिचर्ड ओवेन यांना लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात दिसल्या, माणसातील त्यांचे वर्णन स्वीडनच्या ईव्हार सांडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले.) रक्तातील कॅल्शियमचे नियमन त्यांच्या संप्रेरकाकडे आहे. शस्त्रक्रियेत त्यांचा नाजूक रक्तपुरवठा दुखावला की कॅल्शियम उतरू लागते. अवटूचा अर्धाच भाग काढला असेल तर हा धोका बराच कमी असतो.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, ही पहिली खूण. पुढे हातापायांत पेटके येतात, बोटे आखडतात. ‘अशक्तपणा आहे, झोपले की बरे वाटेल’ म्हणून ही लक्षणे अंगावर काढू नयेत. घाबरून जोरजोराने श्वास घेतल्यास मुंग्या आणखी वाढतात, हेही ध्यानात असावे.

अहवाल वाचताना एक घोटाळा हमखास होतो. सौदी प्रयोगशाळांत कॅल्शियम बहुधा मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात, भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्या आकड्याला ४ ने गुणले की दुसरा मिळतो. सर्वसाधारण पातळी २.१ ते २.६, म्हणजे सुमारे ८.५ ते १०.५. फोनवर भारतातील डॉक्टरांना नुसते ‘१.९’ न सांगता एककही सांगावे, ते ७.६ होतात, म्हणजे निश्चित कमी.

उपचारात कॅल्शियमच्या गोळ्या आणि बहुधा कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, दिले जाते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. थायरॉक्सिनची गोळी मात्र त्यापासून किमान ४ तास दूर ठेवावी, अन्यथा ती नीट शोषली जात नाही. रमजानचा उपवास करणाऱ्यांनी मात्रांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्याव्यात. मनाने मात्रा गाळणे धोक्याचे. उन्हाच्या देशात राहूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता येथे सर्रास आढळते, तेव्हा ती तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच झालेली बरी.

बहुतेकांचे कॅल्शियम काही आठवड्यांत सावरते. ६ ते १२ महिन्यांनंतरही गोळ्या सुटल्या नाहीत, तर विकार कायमचा समजतात.

स्वर घोगरा होऊन श्वास अडकणे, झटके येणे, छातीत धडधड किंवा भोवळ, यांपैकी काहीही दिसल्यास गोळीची वाट न पाहता ९९७ वर सौदी रेड क्रेसेंटची रुग्णवाहिका बोलवावी. शिरेतून कॅल्शियम देण्याचे काम रुग्णालयातच होते. सोबत शस्त्रक्रियेचा कागद आणि चालू औषधांची यादी न्यावी.