संत्र्याच्या कोवळ्या कलमावरील काटा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विदर्भातील संत्रा बागायतीच्या इतिहासात राजाश्रय, बाजारपेठ आणि रोगराई यांची चर्चा वारंवार होते; परंतु नव्याने लावलेल्या कलमावरील काट्याकडे इतिहासाचे साधन म्हणून सहसा पाहिले जात नाही. वस्तुतः कलम विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो एक महत्त्वाचा पुरावा होय. कलम खरोखरीच चांगल्या संत्र्याचे आहे काय, हे फळ धरल्याखेरीज सिद्ध होत नाही आणि त्यासाठी चार-पाच वर्षे जमीन, पाणी व मशागत खर्ची पडते. तोपर्यंत त्याच्या हाती असतात ती पाने, पानांचा वास आणि काटा. या काट्याचा अर्थ लावण्याची रीत कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

काटा आणि झाडाचे वय

लिंबूवर्गीय झाडांचे काटेरीपण फार प्राचीन काळी नोंदले गेले. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस याने महाळुंगाचे वर्णन करताना त्याच्या तीक्ष्ण व बळकट काट्यांचा उल्लेख केला आहे. वनस्पतिशास्त्रानुसार हा काटा म्हणजे पानाच्या बेचक्यात, डोळ्याच्या शेजारी, वाढ थांबलेली एक फांदीच असते. बियांपासून वाढलेल्या झाडावर बाल्यावस्थेत असे काटे विपुल येतात. झाड प्रौढ होऊन फळू लागले की वरच्या फांद्यांवर ते आखूड व विरळ होत जातात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की डोळा आपले वय सोबत घेऊन येतो. फळत्या झाडाच्या प्रौढ काडीवरील डोळा वर्षभराच्या खुंटावर भरला तरी तो पुन्हा बाल होत नाही. कलमी झाड लवकर फळते व कमी काटेरी असते, त्याचे कारण हेच.

नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तत्कालीन औरंगाबादहून संत्रा नागपुरास आणला, अशी परंपरागत समजूत आहे. पुढे या भागात जंबेरीच्या खुंटावर डोळा भरण्याची पद्धत रूढ झाली. वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाट हे गाव तर संत्रा कलमांच्या रोपवाटिकांसाठीच प्रसिद्ध आहे. जंबेरी मुळात काटेरी. डोळा भरलेल्या जागेच्या खालून फूट निघाली आणि ती वेळीच काढली नाही, तर संत्र्याचा डोळा दबतो आणि बागेत जंबेरीचे झाड उभे राहते. ज्या देशांत त्रिपर्णी संत्र्याचा खुंट वापरतात, तेथे तीन पर्णिकांचे पान पाहताच खुंटाची फूट ओळखू येते. जंबेरीचे पान मात्र संत्र्याप्रमाणेच एकेरी असल्याने ती सोय विदर्भात नाही. म्हणून पान चुरडून लिंबासारखा वास येतो काय, कोवळी पालवी जांभळट आहे काय आणि काटे किती आहेत, या खुणा एकत्रित पाहाव्या लागतात.

तथापि प्रत्येक काटा म्हणजे फसवणूक, असे समजणे योग्य नव्हे. जोमाने वाढणाऱ्या नव्या कलमावर जोडाच्या वरही पहिली काही वर्षे काटे येतात व नंतर कमी होतात. खरी शंका घ्यावी ती डोळकाडी पानसोटावरून घेतली गेल्याची. पानसोट जोमदार, काटेरी व उशिरा फळणारा. त्याचे डोळे मुबलक व सहज मिळतात, हाच रोपवाटिकेतील मोह.

रोगमुक्तीची किंमत

विसाव्या शतकात काट्याला निराळाच अर्थ प्राप्त झाला. संत्र्याच्या एकाच बीमधून अनेक रोपे निघतात, हे लेव्हेनहूक याने १७१९ मध्ये नोंदले होते. त्यांपैकी काही गर्भ फलनाने नव्हे तर बीजांडाच्या मातृपेशींपासून तयार होतात, हे स्ट्रासबुर्गर याने १८७८ मध्ये दाखविले. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे हॉवर्ड फ्रॉस्ट यांनी अशा रोपांचा दीर्घकाळ अभ्यास केला. ही रोपे हुबेहूब मातृवृक्षाच्या जातीची, जोमदार आणि जुन्या झाडांतील बहुतेक विषाणूंपासून मुक्त निघत. परंतु ती अतिशय काटेरी असत आणि फळावर येण्यास विलंब लावीत. शेतकऱ्यापुढे त्यामुळे विचित्र निवड उभी राहिली : जुन्या डोळ्याबरोबर रोग, नव्या रोपाबरोबर काटे. वरच्या, कमी काटेरी फांद्यांवरील डोळे पिढ्यानुपिढ्या निवडून काटेरीपण घटविता येई, पण त्यात वर्षे जात.

ही कोंडी १९७० च्या दशकात फुटली. मुराशिगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये शेंडा कलमाची कल्पना प्रयोगातून मांडली आणि १९७५ मध्ये नव्हारो, रोइस्टाकर व मुराशिगे यांनी तिला व्यवहार्य रूप दिले. परीक्षानळीत वाढविलेल्या रोपावर प्रौढ झाडाचा मिलिमीटरच्या दशांशाएवढा शेंडा बसविला असता रोगमुक्त झाड मिळते आणि त्याचे प्रौढत्वही टिकते. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनेही रोगमुक्त कलमांसाठी हे तंत्र अंगीकारले. प्रस्तुत लेखकाच्या मते विदर्भातील संत्र्याच्या दृष्टीने ही घटना एखाद्या नव्या जातीच्या आगमनाइतकीच महत्त्वाची आहे. मात्र असे कलम आणि साधे कलम यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही. तेथे शेतकऱ्याला मातृवृक्षाची नोंद मागावीच लागते.

२०२० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी काट्याची वाढ थांबविणारी दोन जनुके शोधून काढली. ती निकामी करताच काट्याच्या जागी फांदी आली. हा प्रयोग कॅरिझो या खुंटाच्या संकरित जातीवर झाला होता. बिनकाट्याचा खुंट हाताळण्यास रोपवाटिकेतील मजुरांना सोयीचा ठरेल यात शंका नाही. तसाच जंबेरी उद्या विदर्भात आला, तर खालून निघालेली फूट ओळखण्यासाठी पानाचा वास आणि पालवीचा रंग एवढ्याच खुणा उरतील.