सर्व्हर सारखा बंद पडतोय, मेल जात नाहीयेत? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

टेंडरची कागदपत्रं सोमवारी मेल केली. 'सेंट'मध्ये दिसतायत. दोन दिवसांनी समोरून फोन येतो, "तुमचा मेल आलाच नाही." त्यातच ऑफिसातला सर्व्हर बंद पडतो आणि कुणीतरी सुचवतं, "फॉरमॅट मारू, सगळं नीट होईल."

इथेच थांबा. तो मेल बऱ्याचदा हरवलेला नसतो. तो त्याच सर्व्हरवर रांगेत उभा असतो. फॉरमॅट मारलं तर ती रांगही जाते.

हा डबा असतो काय?

लिनक्स सर्व्हर अप्लायन्स म्हणजे सगळं आधीच बसवून दिलेलं मशीन. फाइल शेअरिंग, फायरवॉल आणि मेल एकाच डब्यात, आणि चालवायचं ब्राउझरमधल्या पॅनलवरून. झेंट्याल, क्लिअरओएस, एसएमई सर्व्हर ही त्यातली काही नावं. पतसंस्था, कॉलेज, छोटा कारखाना अशा ठिकाणी तो बसवतात आणि मग वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही.

मेलची रांग कशी चालते?

मेल पाठवण्यासाठी अशा मशीनवर बऱ्याचदा पोस्टफिक्स नावाचं सॉफ्टवेअर असतं. समोरच्या सर्व्हरने मेल लगेच घेतला नाही, तर पोस्टफिक्स तो रांगेत ठेवतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मूळ सेटिंगनुसार हे ५ दिवस चालतं, त्यानंतर मेल परत येतो. मधल्या काळात पाठवणाऱ्याला काहीच कळवलं जात नाही. म्हणजे सोमवारी अडकलेला मेल परत आल्याचं शनिवारी कळतं, आणि तोवर टेंडरची मुदत संपलेली असते.

येणाऱ्या मेलचंही तसंच. तुमचा सर्व्हर बंद असेल, तर पाठवणारा सर्व्हर साधारण ४-५ दिवस प्रयत्न करत राहतो. त्यामुळे सर्व्हर एक दिवस बंद राहिला तर घाबरून काही पुसून टाकायची गरज नाही.

'मेलक्यू' ही कमांड रांग दाखवते. प्रत्येक अडकलेल्या मेलखाली अडकण्याचं कारणही लिहिलेलं असतं.

मशीन का बंद पडतं?

- वीज: 'लास्ट' कमांड मशीन कधी सुरू झालं ते दाखवते. बंद केल्याची नोंद नसताना सुरू झाल्याची नोंद असेल, तर संशय विजेवर घ्या. यूपीएसची बॅटरी तपासा. यूपीएस केबलने सर्व्हरला जोडला आणि तशी सेटिंग केली, तर बॅटरी संपण्याआधी मशीन स्वतःहून नीट बंद होतं.
- भरलेली डिस्क: 'डीएफ' कमांडने जागा बघा. जागा फार कमी उरली की पोस्टफिक्स नवीन मेल घेणंच थांबवतं. कधी जीबी शिल्लक असतात, पण फाइलींच्या संख्येची मर्यादा संपलेली असते. प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत ठेवणाऱ्या सर्व्हरवर हे घडतं. त्यासाठी 'डीएफ'ला 'आय' हा पर्याय जोडून बघा.
- मेमरी आणि उष्णता: मेमरी संपली की लिनक्स एखादा प्रोग्राम स्वतःच बंद करतं आणि लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंद ठेवतं. मशीन बंद कपाटात असेल, तर मराठवाड्यातल्या मे महिन्यात आधी पंखा आणि धूळ बघा.
- जुनं सॉफ्टवेअर: क्लिअरओएस ७ आणि एसएमई सर्व्हर १० हे सेंटओएस ७ वर बेतलेले आहेत. सेंटओएस ७चे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ला थांबले. असं मशीन इंटरनेटवर उघडं ठेवणं धोक्याचं आहे.

मशीन चालू आहे, तरी मेल का अडकतो?

परत आलेल्या मेलमधला तीन आकडी कोड बघा. ४ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती. ५ने सुरू होत असेल तर समोरच्याने साफ नकार दिलाय.

नकाराचं नेहमीचं कारण म्हणजे ओळख न पटणं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनसाठी एसपीएफ किंवा डीकिम सक्तीचं केलं. या डीएनएसमधल्या नोंदी आहेत, ज्यातून 'हा मेल खरंच यांचाच' हे पटतं. आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सापडणंही गरजेचं आहे. ती उलटी नोंद इंटरनेट कंपनीकडून करून घ्यावी लागते, पॅनलमधून होत नाही.

रांगेत अनोळखी पत्त्यांचे हजारो मेल दिसले, तर कुणाचातरी पासवर्ड फुटलाय. आधी मेल पाठवणं थांबवा, पासवर्ड बदला, मगच ब्लॉकलिस्टमधून नाव काढायचा अर्ज करा.

आणि घड्याळ बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल संपला असेल, तर वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची वाटू लागतात आणि मेल अडतात. अशा वेळी बिघाड मेलमध्ये नसतो, नवा सेल टाकला की काम होतं.

उस्मानाबादचं धाराशिव झालं, डोमेनचं काय?

२०२३मध्ये आधी शहराचं आणि मग जिल्ह्याचं नाव बदललं. तुमच्या संस्थेने त्यानुसार नवीन डोमेन घेतलं असेल, तर मेल येण्यासाठीची एमएक्स, एसपीएफ आणि डीकिम या सगळ्या नोंदी नव्या नावासाठी वेगळ्या कराव्या लागतात. जुन्या नोंदी आपोआप लागू होत नाहीत.

जुनं डोमेनही सोडू नका, नूतनीकरण करत राहा. ते सुटलं तर दुसरं कुणीही विकत घेऊ शकतं. मग जुन्या पत्त्यावर येणारे मेल त्याच्याकडे जातील. पासवर्ड बदलण्याच्या लिंकही त्यातच आल्या.

बिघाड झाला तर कोणत्या क्रमाने जायचं?

१. स्क्रीनवरच्या एररचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा.
२. लॉग, मेल आणि रांगेची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या.
३. वीज, डिस्क, मेमरी, घड्याळ तपासा.
४. रांगेतलं कारण वाचा आणि तेवढंच दुरुस्त करा.
५. मग रांग पुन्हा चालवा.

मुदतीचा मेल असेल तर रांगेच्या भरवशावर राहू नका. समोरच्याला फोन करा आणि तोच मेल दुसऱ्या पत्त्यावरून पाठवा. सर्व्हर त्यानंतर सावकाश दुरुस्त करता येतो.