पेल एल व तिची घरगुती प्रतिकृती

पेल एल : फिकट रंगाच्या माल्टपासून (मोड आणून वाळविलेल्या सातूपासून) केलेली, हॉप या वेलीच्या फुलोऱ्यांनी कडवट व सुवासिक बनविलेली आणि वरच्या थरात साचणाऱ्या यीस्टने आंबविलेली सोनेरी ते तांबूस रंगाची बिअर. बाजारात मिळणारी एखादी पेल एल घरच्या भांड्यात हुबेहूब उतरविण्याचा छंद ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. तथापि अनुकरण ही या पेयाच्या बाबतीत नवी गोष्ट नव्हे. पेल एलचा इतिहास हा बव्हंशी एकमेकांच्या नकलेचा इतिहास असून प्रत्येक नकलेच्या प्रयत्नातून तिच्या एकेका घटकाचे कार्य उलगडत गेले आहे.

माल्ट व भारताशी व्यापार : लाकडाच्या जाळावर वाळविलेले माल्ट करपट व धुरकट होई. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये माल्ट वाळविण्यासाठी धूर न करणारा कोक वापरात आला व फिकट माल्ट मिळू लागले. लंडनच्या पूर्वेस बो येथे १७५२ मध्ये जॉर्ज हॉजसन यांनी सुरू केलेला मद्यकारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होता. जहाजांचे कप्तान व अधिकारी खाजगी व्यापारासाठी तेथून पिंपे उचलीत व कारखाना त्यांना दीर्घ मुदतीची उधारी देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ही पिंपे अनेक महिन्यांनी मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे पोहोचत. हॉपमधील राळेत जंतुरोधक गुण असल्याने ही बिअर टिके आणि प्रवासात मुरून अधिक चविष्ट होई. ही बिअर हॉजसन यांनी खास भारतासाठी शोधून काढली, ही समजूत मात्र निराधार आहे. जास्त हॉप घालून मुरविण्याची पद्धत इंग्लंडमध्ये आधीपासून होती आणि पोर्टर ही काळसर बिअरही भारतात येत असे.

पहिली प्रतिकृती व पाणी : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील बाजारपेठेवर हॉजसन घराण्याचे वर्चस्व होते. त्याला कंटाळून १८२२ च्या सुमारास कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील मद्यनिर्माते सॅम्युएल ऑल्सप यांना तशीच बिअर करून पाहण्यास सुचविले. रशियाने वाढविलेल्या जकातीमुळे बर्टनचा बाल्टिक व्यापार बसला होता, त्यामुळे ही सूचना त्यांना वेळेवर मिळाली. ऑल्सप यांचे माल्टतज्ञ जॉब गुडहेड यांनी पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरल्यास आजच्या घरगुती प्रतिकृतीचा वारसा थेट त्या किटलीपर्यंत पोहोचतो. बर्टनची नक्कल मुळापेक्षा सरस ठरली. ऑल्सप यांच्यापाठोपाठ बास यांनीही निर्यात सुरू केली व हॉजसन यांचा व्यापार मागे पडला.

या यशाचे कारण बर्टनच्या विहिरींत होते. तेथील पाणी जिप्समच्या थरांतून झिरपत असल्याने त्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर असते. कॅल्शियममुळे माल्ट भिजविलेल्या मिश्रणाची अम्लता योग्य राहते व बिअर नितळ होते. सल्फेटामुळे हॉपचा कडवटपणा कोरडा व स्पष्ट जाणवतो. लंडनच्या कारखान्यांना आपल्या पाण्यातून हा गुण साधेना, म्हणून इंड कूप (१८५६) व ट्रूमन (१८७३) यांसारख्या कंपन्यांनी बर्टनमध्येच शाखा उघडल्या. पुढे पाण्याचे रासायनिक विश्लेषण झाल्यावर जिप्सम मिसळून कोठलेही मृदू पाणी ‘बर्टनसारखे’ करता येऊ लागले. अशा रीतीने स्थळाचा गुण पुडीत बांधता आला. पेटर ग्रीस हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ १८६२ पासून ऑल्सप यांच्या कारखान्यात होते, यावरून या उद्योगाचा विज्ञानावरील भर दिसून येतो.

नाव आणि चव : ख्यातीबरोबर बनावट मालही आला. ब्रिटनच्या नव्या कायद्यानुसार १ जानेवारी १८७६ रोजी नोंदलेले पहिले व्यापारचिन्ह बास यांच्या पेल एलवरील लाल त्रिकोणाचे होते. एद्वार माने यांच्या १८८२ मधील फोली-बेर्झेर येथील मद्यगृहाच्या चित्रातही या त्रिकोणाच्या बाटल्या दिसतात. कायद्याने संरक्षण दिले ते नावाला व खुणेला. तशीच चव साधण्यास त्याने प्रतिबंध केला नाही आणि हा भेद आजही घरगुती प्रतिकृतीचा आधार आहे.

घरगुती निर्मितीवरील बंधने : इंग्लंडमध्ये घरोघरी बिअर करण्याची चाल जुनी होती. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून तयार बिअरवर बसविला, तेव्हा घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. हे बंधन १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी उठविले. विक्रीस मात्र मनाई राहिली. त्यानंतर डेव्ह लाइन यांचे, बाजारातील बिअरसारख्या बिअर घरी करण्याच्या कृती देणारे पुस्तक १९७८ मध्ये निघाले. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये संपली, परंतु घरी वाइन करण्यास मिळालेली मोकळीक बिअरला मिळाली नाही. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ती दिली. एका प्रौढाच्या घरास वर्षाला १०० गॅलन व दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन (सु. ७५७ लिटर) बिअर करमुक्त झाली. मिसिसिपी व अलाबामा या राज्यांत मात्र ही मुभा २०१३ मध्येच मिळाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्याने हा छंद येथे रुजू शकला नाही.

अमेरिकन पेल एल : ओरेगनमध्ये पैदास केलेला कॅस्केड हा हॉपचा वाण १९७२ मध्ये लागवडीस खुला झाला. त्याला पपनसासारख्या फळाचा व फुलांचा गंध असतो. सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर कारखान्याने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये त्याचा वापर केला. कॅलिफोर्नियातील चिको गावी घरगुती मद्यनिर्मितीच्या साहित्याचे दुकान चालविणारे केन ग्रॉसमन यांनी पॉल कामुसी यांच्यासह सिएरा नेवाडा हा कारखाना काढला व १९८० पासून तेथे पेल एल होऊ लागली. चवीत सातत्य येईपर्यंत आरंभीचे अनेक घाणे ओतून देण्यात आले. घरगुती छंदातून निघालेली ही बिअर पुढे घरगुती प्रतिकृतीसाठी सर्वाधिक निवडल्या जाणाऱ्या नमुन्यांपैकी एक ठरली.

प्रतिकृतीची रीत : या बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण ५.६ टक्के असून कडवटपणा सु. ३८ एकके असतो. प्रतिकृतीसाठी फिकट माल्टमध्ये थोडे कॅरॅमल माल्ट मिसळून ते भरडतात व सु. ६७° से. तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यामुळे स्टार्चची शर्करा होते. गाळलेला गोड काढा तासभर उकळतात. आरंभी घातलेल्या हॉपने कडवटपणा येतो. शेवटी घातलेल्या कॅस्केडचा सुगंध टिकून राहतो. काढा त्वरेने थंड करून सु. २०° से. तापमानास आंबवितात व मोजकी साखर घालून बाटल्यांत भरतात. मूळ बिअरही बाटलीतच पुन्हा आंबविली जात असल्याने तिच्या तळाच्या गाळात जिवंत यीस्ट सापडते; अनेक छांदिष्ट ते वाढवून वापरतात. पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ (१८७६) व हॅन्सेन यांनी कोपनहेगन येथे केलेले एकपेशीय शुद्ध यीस्टचे संवर्धन (१८८३) यांमुळे जे कारखान्यांना साधले, ते येथे स्वयंपाकघरात घडते.

प्रतिकृती साधली की नाही हे ठरविण्यासाठी तीन पेल्यांची कसोटी घेतात : दोन पेल्यांत एक व तिसऱ्यात दुसरी बिअर देऊन वेगळा पेला ओळखण्यास सांगतात. केवळ अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येतेच. त्याहून अधिक जणांनी वेगळा पेला ओळखला नाही, तर प्रतिकृती यशस्वी समजतात. अपयशाची कारणे बहुधा कृतीत नसून हवेचा संपर्क, तापमानातील चढउतार किंवा स्वच्छतेतील त्रुटी यांत असतात. ब्रू डॉग या स्कॉटिश कंपनीने २०१६ मध्ये आपल्या सर्व कृती घरगुती निर्मात्यांसाठी स्वतःच प्रसिद्ध केल्या. त्यामुळे तिचा व्यापार बुडाला नाही. कृती ठाऊक असणे आणि प्रत्येक वेळी तीच चव साधणे या वेगळ्या गोष्टी असून दुसरीसाठी लागणारे कौशल्य हेच बर्टनच्या काळापासून पेल एलच्या निर्मात्यांचे खरे भांडवल राहिले आहे.