प्लेग पोहोचण्याआधीच पेटलेलं शहर

मी मराठी आणि उर्दू शिकवतो. इतिहासाचा तास माझ्या वाट्याला येतो तो फक्त ऑफ तासिकेला. अशाच एका तासिकेला नववीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, क्वारंटाईन म्हणजे काय हो मूळचं?" मी सांगितलं, चाळीस दिवस. व्हेनिसच्या बोलीतला शब्द आहे. आपल्याकडे चिल्ला म्हणतात ना, तसाच. वर्ग हसला. मग मुलांनी पुढचा प्रश्न विचारला की चाळीस दिवस कुणाला आणि का कोंडायचे, आणि तास संपेपर्यंत मी चौदाव्या शतकातल्या युरोपात होतो. तिथे सांगायचं राहून गेलं ते इथे लिहितो.

ऑक्टोबर १३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेली जहाजं सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली. त्यांच्याबरोबर प्लेग उतरला. १३४८ मध्ये तो फ्लॉरेन्स, आव्हिन्यों, पॅरिस असा पसरत वर्षअखेरीला लंडनला पोहोचला. चार-पाच वर्षांत युरोपची किमान एक तृतीयांश माणसं गेली असं इतिहासकार मानतात. काही जण निम्मी म्हणतात. इटलीतल्या सिएना शहरात आन्योलो दी तुरा नावाच्या माणसाने लिहून ठेवलंय की त्याने आपली पाच मुलं स्वतःच्या हाताने पुरली. सिएनाच्या कॅथेड्रलचा विस्तार तेव्हा चालू होता. तो तसाच अर्धवट राहिला. त्या बिनछपराच्या भिंती आजही उभ्या आहेत.

कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्रान्सच्या राजाने पॅरिस विद्यापीठातल्या वैद्यकाच्या पंडितांना विचारलं, तर उत्तर आलं की मार्च १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले होते, त्याने हवा बिघडली. आपल्याला हे ऐकून हसू येतं, पण निदान ग्रहांना तरी कुणी जाळू शकत नव्हतं. दुसरं उत्तर जास्त सोपं होतं. ज्यूंनी विहिरींत विष टाकलं.

ही अफवा दक्षिण फ्रान्समध्ये उठली आणि सॅव्हॉयमध्ये तिला कागदपत्र मिळाले. सप्टेंबर १३४८ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्यात काही ज्यूंना पकडून त्यांचे हाल केले आणि कबुलीजबाब लिहून घेतले. विष कोणत्या पिशवीत होतं, कुणी दिलं, कोणत्या विहिरीत टाकलं, सगळं त्यात आहे. या जबाबांच्या नकला शहरोशहरी गेल्या. तोंडी अफवेवर एखादा शहाणा माणूस शंका घेतो. सहीशिक्क्याच्या कागदावर शंका घेणारा मात्र स्वतःच संशयित ठरतो.

ऱ्हाईनकाठचं स्ट्रासबर्ग हे त्यातलं एक शहर. तिथल्या नगरपालांनी आधी नकार दिला. पुरावा नाही, आणि शहराने या लोकांकडून पैसा घेऊन त्यांना संरक्षणाचा शब्द दिलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी १३४९ मध्ये कारागिरांच्या संघांनी ही सत्ताच उलथवली. नगरपालांनी ज्यूंकडून लाच खाल्ली असा आरोप झाला. नवे लोक बसले आणि शनिवारी, १४ फेब्रुवारीला, ज्यूंच्याच कब्रस्तानात लाकडी मचाण उभारून त्यांना जाळण्यात आलं. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते वाचले. बखरीत २००० चा आकडा आहे. तो फुगवलेला असू शकतो, प्रसंग नाही.

आणि त्या दिवशी स्ट्रासबर्गमध्ये प्लेगचा एकही रोगी नव्हता. साथ तिथे पोहोचली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. तोवर विहिरींत विष टाकायला कुणी उरलं नव्हतं, तरी माणसं मेलीच.

मग हे कशासाठी झालं? बखरकाराने ते लपवलेलं नाही. ज्यूंकडे असलेली गहाणं आणि कर्जरोखे रद्द झाले, सापडलेली रोकड कारागिरांत वाटली गेली. पैसा हेच त्यांचं खरं विष ठरलं, अशा अर्थाचं तो लिहितो. चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला मनाई केली होती आणि संघांनी ज्यूंना बहुतेक धंदे बंद केले होते. सावकारी हीच वाट मोकळी ठेवून पुन्हा त्याच सावकारीचा राग. आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारातून दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हाही कुळांनी कर्जरोखेच जाळले होते. पण तिथे बहुतेक करून कागद जळाले, माणसं नाहीत. स्ट्रासबर्गमध्ये काहींना वाट्याला आलेला पैसा टोचला असावा, कारण त्यांनी तो आपल्या पाद्र्यांच्या सल्ल्याने चर्चला देऊन टाकला. मला या तपशिलाने जास्त अस्वस्थ केलं.

पोप सहावे क्लेमेंट यांच्याबद्दल न लिहिणं अन्याय होईल. आव्हिन्योंहून त्यांनी १३४८ मध्ये फर्मानं काढली: ज्यूही याच रोगाने मरताहेत, आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही हा रोग आहे, मग आरोप खरा कसा? यापेक्षा सरळ युक्तिवाद कोणता असतो? ख्रिश्चन जगतातल्या सर्वात मोठ्या धर्मगुरूने तो केला, आणि ऱ्हाईनकाठी तो कुणी ऐकला नाही.

त्याच १३४८ च्या उन्हाळ्यात इब्न बतूता दमास्कसमध्ये होता. हा तोच प्रवासी, जो काही वर्षांपूर्वी आपल्या दौलताबादला राहून गेला होता. तो लिहितो की साथ आली तेव्हा शहराने तीन दिवस रोजे ठेवले, आणि मग सगळे अनवाणी बाहेर पडले. मुसलमान कुरआन घेऊन, ज्यू तौरात घेऊन, ख्रिश्चन इंजील घेऊन, बायका-मुलांसह, शहराबाहेरच्या मशिदीपर्यंत. अमीरही अनवाणी. साथीवर या मिरवणुकीचा काय परिणाम झाला असेल, ते आज आपल्याला कळतं. एवढी गर्दी म्हणजे वाईटच. पण त्या गर्दीत कुणी कुणाकडे बोट दाखवत नव्हतं.

हे वाचून आपल्या लोकांनी लगेच छाती फुगवू नये. १०६६ मध्ये ग्रॅनडात मुसलमान जमावानेच ज्यूंची कत्तल केली होती, आणि मुवह्हिदांच्या धर्मसक्तीमुळे इब्न मैमूनच्या घराण्याला कुर्तुबा सोडावं लागलं.

साथीनंतरचा युरोप वेगळा झाला. मजूरच उरले नाहीत, तेव्हा उरलेल्यांनी जास्त मजुरी मागितली. इंग्लंडच्या राजाने १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीआधीच्या दरावर बांधली. तो राग साचत गेला, त्यावर डोईपट्टी बसली आणि १३८१ मध्ये शेतकऱ्यांचं बंड लंडनपर्यंत आलं.

भाषेच्या मास्तराला मात्र दुसरीच गोष्ट आवडते. इंग्लंडच्या शाळांत तोवर लॅटिन शिकवायचे ते फ्रेंचमधून. साथीनंतर जॉन कॉर्नवॉल नावाच्या एका मास्तराने मुलांना त्यांच्या इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली, आणि १३८५ पर्यंत सगळ्या शाळांत तेच चालू झालं, असं जॉन ट्रेव्हिसा सांगतो. मुलं व्याकरण लवकर शिकतात पण फ्रेंच येत नाही, परदेशी गेली तर अडतील, अशी तक्रारही तो करतो. माध्यमाचा हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये आठवड्यातून एकदा तरी होतोच.

त्या मुलाला सांगायची राहिलेली शेवटची गोष्ट मुंबईची आहे. १८९६ मध्ये हाच प्लेग मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एका माणसाने लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली टोचून घेतली ती स्वतःला. ओडेसाचा ज्यू, वाल्डेमार हाफकिन. लसीबद्दल लोकांच्या मनात भीती होती, तेव्हा आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर टोचून घेतलं आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मल्कोवाल गावात लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ठपका हाफकिनवर आला. खरं तर कुपी उघडताना तिथेच झालेली चूक होती. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

मुलाने ते नाव ऐकलं होतं. २०२० मध्ये तो लहान होता. तेव्हा आमच्या भागात भाजीवाल्याला आधी नाव विचारायचे आणि मग भाव. त्याला ते आठवतं का, हे मी विचारलं नाही.