जागल्या ते नियंत्रण कक्ष : खानदेशातील नागरी सुरक्षेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नागरी सुरक्षा दोन क्रियांवर अवलंबून असते. धोका प्रथम कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो आणि त्याची वार्ता तो निवारू शकणाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचावी लागते. पाहणारा आणि निवारणारा यांच्यातील अंतर कालानुरूप बदलत गेले. आज हे अंतर केंद्रीय नियंत्रण कक्षाच्या द्वारे मिटविण्याचा प्रयत्न होत आहे. प्रस्तुत निबंधात अमळनेर व भोवतालच्या खानदेशाच्या संदर्भात या स्थित्यंतराचा आढावा घेऊन त्यातून निर्माण होणाऱ्या प्रश्नांची चर्चा केली आहे.

जागल्याची व्यवस्था

इंग्रजपूर्व काळात गावाच्या रक्षणाची जबाबदारी पाटलाकडे व त्याच्या हाताखालील जागल्याकडे असे. खानदेशात हे काम बहुतांशी भिल्लांकडे होते. चोरी झाल्यास जागल्याने चोराचा माग काढावयाचा व तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन द्यावयाचा, अशी रीत होती. माग शिवेपार गेला की जबाबदारीही त्या गावाकडे जाई. माग दाखविता न आल्यास नुकसान भरून देण्याचा प्रसंग येई. या व्यवस्थेत पाहणारा व उत्तरदायी एकच होता, हे तिचे बलस्थान होय. मात्र तिची नजर शिवेपुरतीच मर्यादित होती.

पेशवाईच्या अखेरची धामधूम व १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी ही घडी विस्कटली. गावे ओस पडली, जागल्यांचे व घाटरक्षकांचे हक्क बुडाले आणि कालपर्यंतचे रखवालदार लुटीकडे वळले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्या वेळी कॅप्टन ब्रिग्ज यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. केवळ लष्करी बळाने तो सुटला नाही. एल्फिन्स्टन यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १८२५ मध्ये, भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी अमळनेरजवळील धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्यापासून रक्षण करावयाचे त्यांनाच रक्षक करण्याचा हा प्रयोग होता. मात्र आता रखवालदार गावाला नव्हे, तर सरकारला जबाबदार झाला. केंद्रीकरणाची ही पहिली पायरी म्हणता येईल.

नोंद आणि हजेरी

१८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हा जिल्हा यंत्रणेचा घटक बनला. गावातील वार्ता वरिष्ठांना कळविणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य ठरले. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्यालय झाले व अमळनेरच्या वार्तेचा ओघ धुळ्याऐवजी तिकडे वळला.

याच कालखंडात पाळत ठेवण्याचा हेतूही बदलला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्यानुसार संपूर्ण जमातींची नोंद व हजेरी सुरू झाली. कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून माणूस संशयित ठरू लागला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु फिरस्त्याकडे संशयाने पाहण्याची सवय कायद्याबरोबर संपली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नियुक्त पोलीस पाटलाचे पद कायम राहिले.

केंद्रीय कक्ष आणि राईनपाडा

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने पोलीस यंत्रणेतील उणिवांची चिकित्सा केली. त्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांचे व्यापक जाळे उभे राहिले. २०२१ पासून राज्यात ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक कार्यान्वित झाला. अमळनेर तालुक्यातील दूरध्वनी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील नवी मुंबईच्या केंद्रात घेतला जातो. तेथून माहिती जळगावच्या नियंत्रण कक्षाकडे व पुढे जवळच्या पोलीस वाहनाकडे जाते. प्रत्येक हाकेची वेळेसह नोंद राहते आणि तक्रार घेणे न घेणे स्थानिक मर्जीवर उरत नाही, हा या रचनेचा मोठा लाभ होय. परंतु अहिराणीत बोलणाऱ्या घाबरलेल्या माणसाचे म्हणणे, एखाद्या पाड्याचे रूढ नाव किंवा पावसाळ्यात बंद होणारी वाट दूरच्या कक्षास आपोआप उमगत नाही. ते ज्ञान पोलीस पाटलाकडे व ग्राम सुरक्षा दलाकडेच असते.

याउलट, पडताळणी नसलेली स्थानिक जागरूकता किती घातक ठरते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे दिसून आले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. त्या संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. ज्या साधनाने हाक पोहोचते, त्याच साधनाने अफवाही पोहोचते. बळी गेले ते फिरस्तेच, ही बाब हजेरीच्या इतिहासापासून वेगळी करता येत नाही.

पाहणाऱ्यावर कोण पाहणार, हा प्रश्नही आता न्यायालयांपुढे आला आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचे आदेश दिले. कॅमेरा नागरिकाकडे वळतो तसाच तो यंत्रणेकडेही वळला पाहिजे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित होते.

समारोप

जागल्याजवळ ओळख होती, पण पोहोच नव्हती. केंद्रीय कक्षाजवळ पोहोच आहे, पण ओळख नाही. राईनपाड्यात हाकेची पडताळणी करणारा दुवाच वेळेत उपलब्ध झाला नाही. म्हणून कक्षांची वा कॅमेऱ्यांची संख्या वाढविणे पुरेसे नाही. पोलीस पाटील व ग्राम सुरक्षा दल यांना नियंत्रण कक्षाशी दोन्ही बाजूंनी जोडणे, अफवेचे खंडन त्याच वेगाने गावापर्यंत पोहोचविणे आणि साठविलेल्या नोंदींवर कायद्याचा अंकुश ठेवणे आवश्यक आहे. माग शिवेपर्यंत पोहोचविल्याशिवाय जागल्याची सुटका होत नसे. उत्तरदायित्वाची ती जुनी कसोटी नव्या यंत्रणेसही लागू केली, तरच तिला नागरी सुरक्षा म्हणता येईल.